मागच्या ओळीचं उत्तर

जळगाव,
गुरुवार, ५ फेब्रुवारी

प्रिय शिल्पा,

पत्र बघून आधी तू हसशील. धुळ्याच्या होस्टेलात तीन वर्षं एका खोलीत काढली, पण मी तुला कधी दोन ओळी लिहून दिल्या नाहीत. भांडण झालं तरी उशीवर चिठ्ठी ठेवायचीस ती तूच, आणि मी ती वाचून पुन्हा उशीखाली सारायची. आता मीच चार-पाच पानं लिहायला बसले आहे. हे पत्र पुनाभाऊ तुझ्या शाळेत आणून देईल. तो आमच्या संस्थेच्या औषधांच्या टेम्पोचा ड्रायव्हर. उद्या त्याची शिरपूरची फेरी आहे आणि मी त्याला बजावलंय की पाकीट शिपायाकडे द्यायचं नाही, तुझ्याच हातात द्यायचं. येत्या रविवारी पहूरला तुमच्या ओट्यावर बैठक आहे आणि तुझ्या वहिनीकडून, हेमांगीकडून, कागदावर सही घ्यायची आहे. त्याआधी हे तू वाचायलाच हवंस. मधली सुट्टी असेल तर थांब, घरी जाऊन दार लावून वाच.

फोन का केला नाही, असं विचारशील. केला होता, तीनदा केला. पहिल्यांदा तू हॅलो म्हणालीस आणि मी चक्क भरताची वांगी शिरपुरात कशी मिळतात ते विचारलं. दुसऱ्यांदा तुझ्या सर्दीची चौकशी केली. तिसऱ्यांदा, म्हणजे गेल्या आठवड्यात, मी मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण तूच आधी बोललीस. म्हणालीस, जीनत, संघपाल मऊ पडलाय, बायकोला परत आणायचं म्हणतो, पण मी अट घातली आहे. आधी तिनं चारचौघांत लिहून द्यायचं की माझ्या हयगयीनं सासू गेली. मग घरात पाऊल आणि मग लेकीचं तोंड. तू म्हणालीस, त्याशिवाय माझ्या आईला शांती नाही. आणि मी हो म्हणाले. हो म्हणाले, शिल्पा.

तुझ्या आईची, मावशींची, आठवण काढायचा हक्क मला आता आहे की नाही, मला माहीत नाही, पण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मोतीलालकाका दर पंधरवड्याला पहूरहून एस.टी.ने यायचे. पिशवीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकऱ्यांची दोन फडकी असायची, एक तुझं आणि एक माझं. माझी अम्मी मी दहावीत असताना गेली, हे मी मावशींना एकदाच सांगितलं होतं. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, फक्त माझ्या फडक्यात दोन भाकऱ्या वाढल्या. रमजानात खजूर यायचे आणि काकांच्या तोंडी निरोप यायचा की पोरीनं उपाशीपोटी उन्हात हिंडू नये. तू चिडायचीस. म्हणायचीस, माझ्या आईला माझ्यापेक्षा हीच लाडकी. मी मुद्दाम तुझ्यासमोर मिटक्या मारत खायची.

मावशींना फिट येते, हेही तेव्हाच कळलं. गोळी वेळेवर घेतली की वर्षानुवर्षं काही होत नाही आणि चुकली की कधी होईल सांगता येत नाही, हे तूच मला समजावलं होतंस. म्हणून तर आमच्या संस्थेनं गावोगावी औषधं पोचवायची योजना काढली तेव्हा पहिले दोन अर्ज मी पहूरला जाऊन स्वतः भरले. तुमच्या ओट्यावर बसून. काकांचा हृदयाच्या गोळ्यांसाठी आणि मावशींचा फिटच्या गोळ्यांसाठी. काकांच्या अर्जावर त्यांचा मोबाईल नंबर घातला. मावशींच्या अर्जावर त्या रकान्याशी आले तर त्या काकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मले कशाले पाह्यजे फोन? यायचा हाये ना घरात." काका हसले, मी हसले आणि रकाना रिकामा ठेवला. आपल्याकडे बाईच्या अर्जात तो रकाना बहुतेक रिकामाच असतो. दुकानात, बँकेत, दवाखान्यात सगळीकडे बघ. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगते. कंटाळा आला तरी वाच, कारण सगळं त्यातच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला पाकिटं भरण्याआधी यादीतल्या प्रत्येक माणसाची चौकशी करावी लागते. माणूस आहे की गेला, इथेच राहतो की दुसरीकडे गेला. ही चौकशी इंटरनेटवरून होते आणि ती एका ठिकाणी होत नाही. कचेरीत कशा खिडक्या असतात, तसं समज. पहिल्या खिडकीवर आपली ओळख पटवली की एक चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी आणि माणसाचा मोबाईल नंबर दुसऱ्या खिडकीवर दिला की त्या माणसाचा आरोग्य क्रमांक मिळतो. तो क्रमांक तिसऱ्या खिडकीवर दिला की कळतं, हयात की मयत. ते उत्तर घेऊन चौथ्या खिडकीवर, म्हणजे आमच्या गोदामात, सांगायचं की या नावाचं पाकीट भरा किंवा थांबवा. आधीच्या खिडकीचं उत्तर हातात आल्याशिवाय पुढच्या खिडकीवर काही विचारताच येत नाही. चार हजारांवर माणसं आणि प्रत्येकाच्या चार खिडक्या.

हे काम पूर्वी लीलाधरभाऊ करायचे. साठीला टेकलेले कारकून, कानावर पेन, शेजारी दोन मुली मदतीला. तिघांना मिळून तीन दिवस लागायचे. त्यांची एक पद्धत होती आणि आम्ही सगळे तिला हसायचो. तिसऱ्या खिडकीनं मयत म्हणून सांगितलं की भाऊ पुढे जायचे नाहीत. आधी त्या घरी फोन लावायचे. फोन नसेल तर गावातल्या आशाताईंना. म्हणायचे, माणूस गेलंय, दोन शब्द बोलायला नकोत का, नुसतं नाव खोडून कसं चालेल. त्या दोन शब्दांत त्यांची वीस-वीस मिनिटं जायची. कोण कसं गेलं, शेवटी काय खाल्लं, पोरं आली होती का. मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, भाऊ, तुम्ही कामाला आहात की बैठायला. बैठायला म्हणजे कुणी गेल्यावर त्या घरी जाऊन बसतो तसं. ते नुसते हसले होते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी ते सगळं मोडून टाकलं. डेटाबेसच्या आतच एक स्क्रिप्ट लिहिली. ती एक तारखेला सकाळी सहाला आपोआप उठते, यादीतलं पहिलं नाव घेते, चारही खिडक्या फिरते, मग दुसरं नाव, मग तिसरं. तीन दिवसांचं काम चाळीस मिनिटांत. माणसाचा हातच लागत नाही, हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. लीलाधरभाऊंच्या दोन शब्दांचीही सोय मी केली होती बरं का. पाचवी खिडकी. मयत असेल तर घरच्या नंबरावर आपोआप शोकसंदेश. लीलाधरभाऊंना गोदामात पाठवलं, पाकिटांवर चिकटपट्टी लावायला. जाताना त्यांनी मला विचारलं, पोरी, तुझं यंत्र चुकलं तर ते कुणाला विचारतं? मी म्हणाले, भाऊ, ते चुकत नाही. कुठल्या तोंडानं म्हणाले कुणास ठाऊक.

डिसेंबरात पुनाभाऊ शिरपूरच्या वरच्या, सातपुड्याकडच्या गावांची फेरी करून आला आणि टेम्पो उभा करून सरळ माझ्या टेबलाशी आला. त्याच्या हातात एक चुरगळलेला कागद होता, त्यावर सात बायकांची नावं. म्हणाला, "ताई, ह्या बठ्ठ्या बाया रस्तावर हुभ्या राहतस. पाकीट मांगतस. तुन्ही यादी म्हने त्या मरी गयात. त्या जित्या शेतस ना." यादीत मेलेल्या आणि रस्त्यावर जिवंत, हे ऐकून मी आधी वैतागले. गावात एकाच नावाच्या चार बायका असतात, तुमची गफलत झाली असेल, म्हणाले. तो हलला नाही. मग त्याच्यासमोरच मी नोंदी उघडल्या. सातही नावांपुढे मयत. सातही जणींचे नवरे त्याच वर्षात गेलेले. सातही जणींचा मोबाईलचा रकाना रिकामा. मी कागद उलटा ठेवला आणि पुनाभाऊला चहा प्यायला पाठवलं, कारण माझा चेहरा त्यानं बघू नये असं मला वाटलं.

काय झालं होतं ते सांगते. तू गणिताची, तुला पटकन कळेल. दुसऱ्या खिडकीचं उत्तर ठेवायला मी स्क्रिप्टमध्ये एक जागा केली होती, एक डबा म्हण. प्रत्येक माणसाचा आरोग्य क्रमांक आला की तो डब्यात पडतो, आधीचा आपोआप निघून जातो. पण ज्याचा मोबाईल नंबरच नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या खिडकीवरून काहीच येत नाही. आणि काहीच आलं नाही, तर डबा रिकामा होत नाही. मागच्या माणसाचा क्रमांक तसाच तळाशी राहतो आणि तोच घेऊन स्क्रिप्ट तिसऱ्या खिडकीवर जाते. प्रत्येक नव्या नावाआधी डबा धुवायचा, एवढी एकच ओळ मी लिहायची विसरले होते. एक ओळ, शिल्पा. आमच्या धंद्यात ही चूक नवशिक्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतात. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तोही कुणी दिला नव्हता, कारण मला विचारणारं कुणी उरलंच नव्हतं.

आणि यादी कशी लावलेली आहे? गावाप्रमाणे, गावात घराप्रमाणे, घरात आधी कर्ता पुरुष आणि त्याच्याखालच्या ओळीत त्याची बायको. म्हणजे ज्या बाईकडे फोन नाही, तिचं उत्तर दर महिन्याला तिच्या नवऱ्याच्या क्रमांकावर येत होतं. नवरा हयात, तर बाई हयात. मार्चपासून सगळं बिनचूक चालल्यासारखं दिसत होतं, ते त्यामुळे. नवरा गेला की पुढच्या एक तारखेला दोघांच्या पुढे मयत. मी जुन्या नोंदी चाळत गेले. पहूर, बोदवड, शिरपूर, सगळीकडून मिळून एकतीस बायका. मी नावं उतरवून घेत होते आणि पहूरच्या पानावर येऊन थांबले. पुढचं नाव मला न बघताच माहीत होतं. तरी बघितलं. लिलाबाई मोतीलाल सुरवाडे. मयत. पाकीट थांबवले. तारीख एक सप्टेंबर, सकाळी सहा वाजून चौदा मिनिटं.

काका नऊ ऑगस्टला गेले. मावशी चोवीस सप्टेंबरला गेल्या. तारखा तुला मी सांगायला नकोत.

पुनाभाऊला मी विचारलं. सप्टेंबरात पहूरची फेरीही त्याच्याकडेच होती. त्याला आठवत होतं. पाच तारखेला मावशी थांब्यावर कापडी पिशवी घेऊन उभ्या होत्या, नेहमीसारख्या. त्यानं यादी बघितली आणि म्हणाला, मावशी, यावेळी तुमचं नाव नाही. त्या रागावल्या नाहीत. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "ते गेले ना, तं माह्यंबी बंद झालं आसन." आणि पिशवीची घडी घालून परत फिरल्या. मला हे सगळ्यात जास्त छळतं. यंत्राची चूक त्यांना चूक वाटलीच नाही. काका गेल्यावर त्यांचं किती काय काय बंद झालं असेल, कुणी कुणी बोलवायचं बंद केलं असेल, त्यातच ही गोळी. त्यांनी हेमांगीला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. सून बिचारी आधीच दमलेली आणि तू शिरपूरला, तुझ्या जिवाला कशाला घोर. त्यांनी जुन्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या काढल्या, अडकित्त्यानं अर्ध्या केल्या आणि डबीत भरून पुरवून पुरवून घेऊ लागल्या. हेमांगी रोज विचारायची, गोळी घेतली का. त्या म्हणायच्या, घेतली. खोटं नव्हतंच ते.

त्या डबीतल्या अर्ध्या गोळ्या तूच काढल्या होत्यास, आठवतं? तिसऱ्या दिवशी. सगळी भावकी बसलेली, मीही होते, तुझ्या मागे भिंतीला टेकून. तू डबी हेमांगीच्या मांडीवर पालथी केलीस आणि ओरडलीस, हिनं माझ्या आईला अर्ध्या गोळीवर ठेवलं. त्या सकाळी ती लेकीला अंगणवाडीत सोडायला गेली होती, दहा मिनिटं, आणि परत येते तर मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी मावशी पडलेल्या. हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं, पण गोळ्यांचं तिला काही सांगता येईना, कारण तिला माहीतच नव्हतं. त्या महिन्याच्या आत संघपालनं तिला बोदवडला माहेरी सोडलं आणि लेक ठेवून घेतली. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, हे खरं. मलाही तिचाच राग आला होता, हेही खरं.

आणखी एक. काकांचा फोन तू आठवण म्हणून शिरपूरला नेलास. चालू ठेवलास, पण उघडायचं धाडस होत नव्हतं म्हणालीस. मावशी गेल्यावर उघडलास आणि मला फोन केलास. म्हणालीस, तुमच्या संस्थेचं बरं असतं गं, माणूस गेलं की निदान एक ओळ तरी येते, आईसाठी आलेला निरोप वाचून बरं वाटलं. तेव्हा मला शंका आली नाही, वाटलं, असेल आला. आता तो फोन घे आणि त्या निरोपाची तारीख बघ. लिलाबाई यांच्या निधनाबद्दल संस्था आपल्या दुःखात सहभागी आहे, असं लिहिलेला तो निरोप एक सप्टेंबरचा आहे. तेव्हा मावशी जिवंत होत्या. पुढचे तेवीस दिवस जिवंत होत्या. मीच लिहिलेली ओळ आहे ती, पाचव्या खिडकीची.

डिसेंबरात मी सगळं घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, दुरुस्त किती वेळात होईल? मी म्हणाले, दहा मिनिटांत. म्हणाले, करून टाक, पाकिटं सुरू कर, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. मी दुरुस्त केलं. एकतिसांपैकी सत्तावीस जणींची पाकिटं दुसऱ्या दिवशी निघाली. चौघींची निघाली नाहीत. त्या चौघी मधल्या काळात खरंच गेल्या होत्या. त्यातल्या दोघी पंच्याऐंशीच्या पुढच्या, एक आधीच अंथरुणाला खिळलेली, त्यांचं मी काही सांगू शकत नाही. मावशींचं सांगू शकते. आणि या चौघींच्या घरून एकही तक्रार आली नव्हती. येणार कुठून? यंत्रानं मयत म्हटलं होतं आणि थोड्या दिवसांनी त्या मयत झाल्या. नोंद बरोबर दिसत होती. उद्या कुणी तपासायला बसलं तरी बरोबरच दिसेल. ही गोष्ट मला दिवसाढवळ्या, माणसांनी भरलेल्या ऑफिसात आठवते आणि मी पुन्हा त्या नोंदी उघडून बघते. साहेब आता तीच स्क्रिप्ट आणखी दोन संस्थांना द्यायला निघालेत. कालच मला म्हणाले, तुझं नाव होईल.

म्हणजे हे मला दोन महिन्यांपासून माहीत आहे. दोन महिने मी गप्प आहे. नोकरीची भीती होती, ती सगळ्यांना असते, तिच्यामागे मी लपत नाही. खरी भीती तुझी होती. तुझा सगळा राग हेमांगीकडे चालला होता आणि मी वाटेतून बाजूला सरून उभी राहिले. तिचं कुणी नव्हतं, माझी तू होतीस. इतकं साधं आणि इतकं वाईट. अब्बांना मात्र गेल्या आठवड्यात सांगून टाकलं. तुला माहीत आहेत ना जब्बारमियाँ, चाळीस वर्षं कापूस पिंजला, आता दुकानात तयार गाद्या विकतात आणि त्या गाद्यांना नावं ठेवतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, बेटा, कापसात राहिलेली गाठ पिंजणाऱ्याला कधी टोचत नाही, झोपणाऱ्याला टोचते. मग दुकान बंद करून नमाजला गेले. मला वाटलं होतं ते मला सावरतील. त्यांनी जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तरीही मी लिहिलं नसतं कदाचित. आणखी एक महिना ढकलला असता. पण काल दुपारी हेमांगी माझ्या ऑफिसात आली. बोदवडहून पॅसेंजरनं, एकटी. हाडं दिसायला लागलीत तिची. तिला वाटतं मी कॉम्प्युटरवाली, माझ्याकडे सगळं लिहिलेलं असतं. म्हणाली, ताई, मी आत्यांना गोळ्या दिल्या की नाही, तुमच्या मशीनमध्ये दिसेल का? मला तर वाटतं मी विचारायची, पण आता सगळे म्हणतात तर खात्री वाटत नाही. मी समोर बसले होते, नोंद माझ्या खणात छापून ठेवलेली होती, हात घातला असता तर हाताला लागली असती. आणि मी तिला म्हणाले, बघून सांगते. ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, राहू द्या ताई, रविवारी मी सही करते, मीच विसरले असेन. शिल्पा, ज्या बाईनं काही केलं नाही तिला आता आपण ते केल्याचं आठवायला लागलंय. म्हणून हे पत्र, आणि म्हणून कागदावर. हे तुझ्या एकटीसाठी नाही. रविवारी तुमच्या ओट्यावर सगळे जमले की संघपालपुढे, भावकीपुढे, हेमांगीच्या माहेरच्यांपुढे हे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. सोबत छापील नोंद जोडली आहे, तीही दाखव. मी स्वतः येते आहे. तू म्हणालीस तर ओट्यावर बसेन, नाही म्हणालीस तर रस्त्यावर उभी राहीन, पण येणार. तिच्यापुढे सहीला ठेवायला तुम्ही जो कागद केला असेल, तो फाडून टाका. सही लागणारच असेल, तर ती खाली करून पाठवते आहे.

तुझीच,
आणि तू नको म्हणालीस तर नुसतीच,
जीनत जब्बार पिंजारी
लिलाबाई मोतीलाल सुरवाडे यांचं पाकीट मी थांबवलं.